सदतिसाव्या वर्षी नवं काम शिकायचंय, कोर्स कोणता घ्यावा? (डिचोली, गोवा)

काट्यावरचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

डिचोली तालुक्यात राहतो. बी.कॉम. झाल्या झाल्या खाणीवर वजनकाट्याला लागलो. ट्रक मोजायचे, चलनं फाडायची, संध्याकाळी जेटीवरच्या आकड्याशी ताळा जमवायचा. २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा अर्ध्या पगारावर का होईना, टिकलो. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्या आणि मार्चात सगळंच बंद झालं, तेव्हा नाही टिकलो. मग कळंगुटला एका हॉटेलात स्टोअरकीपर. या फेब्रुवारीत हॉटेलचे मालक बदलले, खरेदी मुंबईहून होऊ लागली, आणि स्टोअरमध्ये ठेवला एकच माणूस. तो मी नव्हे.

वय ३७. बायको अंगणवाडीत, मुलगी सातवीत. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. वर्षभर ओढता येईल, दोन वर्षं नाही. खाणींचे लिलाव झाले, आमच्याकडे एका ब्लॉकात काम सुरूही झालंय, पण तिथे माझ्या पुढे मोठी रांग आहे.

डोक्यात चार गोष्टी आहेत. ऑनलाइन डेटा अ‍ॅनालिटिक्स (फी लाखाच्या वर, हप्ते करून देतात, रोज फोन येतो). टॅली आणि जीएसटी. आयटीआयमध्ये एसी-फ्रीजचा ट्रेड. आणि चुलतभाऊ म्हणतो तसं एसटीसीडब्ल्यू (खलाशांचं सुरक्षा-प्रशिक्षण) करून बोटीवर. कोणता कोर्स घ्यावा?

कुळागर

सरकारी नोकरी बघा हो. बहुतेक जाहिरातींत वयाची मर्यादा ४५ आहे, तुमच्या हातात अजून वर्षं आहेत. आता कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा संगणकावर होते, पूर्वीसारखं नाही.

मांद्रेचा वारा

@कुळागर, भरा अर्ज, कोण नको म्हणतो? रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आणि पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेवा. पण जाहिरात कधी येईल, परीक्षा कधी, निकाल कधी, यावर घर चालत नाही. कोर्स विचारलाय त्यांनी.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या पेडण्यात 'एअरपोर्ट मॅनेजमेंट' शिकवणारे क्लास फार झालेत. धागाकर्त्याच्या यादीत तो नाही हे बरं. विमानतळावर सामान चढवणारा, काउंटरवर बसणारा, ट्रॉली गोळा करणारा, या प्रत्येकाला घेणारी कंपनी वेगळी असते आणि ती आपल्या माणसाला स्वतःच शिकवते. बाहेरच्या क्लासचा कागद तिथे कोण विचारतो, हे त्या गेटवरच्या पोरांना विचारून बघा.

पणजी-बंगळूर

डेटाबद्दल मी बोलते, कारण पोट त्यावरच आहे.

विषय वाईट नाही. पण सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली मुलं आज ढिगाने आहेत. त्यांतून निवडताना आम्ही कोर्स बघत नाही, त्या माणसाला कुठला धंदा आतून ठाऊक आहे ते बघतो. तुम्हाला ठाऊक आहे: माल येतो कसा, कमी कसा पडतो, सडतो कसा, आकडा कुठे लबाडी करतो. त्यावर एक्सेल नीट बसवा. पिव्होट टेबल, एक्सलुकअप, पॉवर क्वेरी. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. एवढ्यासाठी लाख रुपये लागत नाहीत. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, ती हजार रुपये. रोज रात्री जेवणानंतर दोन तास बसून बघा. महिन्याभरात कंटाळा आला तर लाख वाचले. नाही आला तर पुढचं बोलू.

आता ते हप्ते. क्लासवाला म्हणतो 'ईएमआय', तुम्हाला वाटतं फीच थोडी थोडी भरतोय. तसं नसतं. तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज उभं राहतं, क्लासला त्याचे पैसे लगेच मिळतात आणि पुढे तुमचं नातं फायनान्स कंपनीशी. शिकवणं आवडलं नाही, क्लास अर्ध्यात सोडला, शिक्षक बदलले, तरी हप्ता चालूच. एखादा चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खाली. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची हीच गत झाली, कोर्स सोडून वर्ष झालं तरी भरतोय. मोबाइलवर ओटीपी देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या अटींचा कागद) मागा, ते देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. त्यात खरा वार्षिक दर दिसतो आणि 'कूलिंग ऑफ'ची मुदतही. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत फार लहान असू शकते, म्हणून त्याच दिवशी वाचा. आणि 'जॉब गॅरंटी' असेल तर ती लेखी मागा. बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरांत अटी असतात: इतके अर्ज केले पाहिजेत, देशात कुठेही जायची तयारी हवी, पगाराचा आकडा ठरलेला नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काट्यावरचा

ताई, ओटीपीचा फोन काल पण आला होता. 'ऑफर आज रात्री बारापर्यंत.'

पणजी-बंगळूर

ती ऑफर पुढच्या महिन्यातही आज रात्री बारापर्यंतच असेल.

मास्तर फर्मागुडी

आयटीआयमध्ये शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. एसीच्या ट्रेडबद्दल लिहितो.

वयाची चिंता सोडा. आयटीआयला किमान वय १४, वरची मर्यादा नाही. माझ्या वर्गात पोराच्या वयाच्या मुलांबरोबर बसलेले बाप्ये होते आणि हजेरीला तेच पुढे. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियनला दहावी पास लागते, कोर्स दोन वर्षांचा. प्रवेश साधारण जून-जुलैत, वर्ग ऑगस्टपासून. तुम्हाला डिचोली आणि होंडा जवळ, पण ट्रेड सगळीकडे सारखे नसतात, माहितीपत्रक बघून घ्या. फी खाजगी क्लासच्या मानाने नगण्य. शेवटी राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र मिळतं, ते देशात कुठेही चालतं आणि आखातातही त्याला मान आहे.

अडचण तुम्हीच लिहिलीत. दोन वर्षं, दिवसभर, ८० टक्के हजेरी. रात्रपाळीचं काम धरून हे करणारे पाहिलेत, पण सोपं नाही.

मधला रस्ता आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेखाली आणि इतरत्रही काही महिन्यांचे कोर्स असतात, 'फील्ड टेक्निशियन' छापाचे. घ्यायला हरकत नाही, फक्त दोन गोष्टी तपासा. कोर्स एनसीव्हीईटीची (कौशल्य-शिक्षणाची सरकारी नियामक संस्था) मान्यता असलेल्या संस्थेचा आहे का, आणि वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष मशीन किती आहेत. मान्यतेचं पोर्टलवर कळतं, मशीनचं जाऊन बघितल्याशिवाय नाही. वीस मुलांत एक स्प्लिट एसी असेल तर तुम्ही तो लांबून बघाल. ब्रेझिंग (तांब्याच्या नळ्या जोडणं) हाताने करायला मिळतं का ते विचारा. नव्या एसीत आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, जुन्या सवयीने हाताळला तर जीवावर बेतेल. हे यूट्यूबवर शिकायचं काम नव्हे.

होंडा नाका

मास्तरांना विचारतो, बी.कॉम. करून एसीच्या शिडीवर चढायचं? घरचे, शेजारचे काय म्हणतील? टोमणा नाही मारत, खरंच विचारतोय. माझ्या भावाने याच कारणाने नाही केलं आणि आजही घरी बसून आहे.

मास्तर फर्मागुडी

होंडा नाका, प्रश्न बरोबर आहे. गोव्यात आपण शिकलेल्याने टेबलाशीच बसावं असं धरून चाललो आणि त्या शिडीवर बाहेरून आलेली मुलं चढली. एप्रिल-मे महिन्यात एसीवाल्याला फोन करून बघा. 'परवा येतो' म्हणतो, आणि परवा येत नाही, कारण किनाऱ्यावरची हॉटेलं त्याला सोडत नाहीत. शेजारचे काय म्हणतात ते पहिले सहा महिने. नंतर तेच शेजारी म्हणतात, बाब, आमचा एसी पाणी गळतोय, जरा बघशील?

पण उलट बाजूही सांगतो. हे अंगमेहनतीचं काम आहे. पंचेचाळिशीनंतर गच्चीवर आउटडोअर युनिट चढवताना गुडघे बोलतात. ज्याला माणसं सांभाळता येतात, हिशेब ठेवता येतो, तो पुढे दोन पोरं हाताशी घेऊन स्वतः शिडीवरून उतरतो. बी.कॉम. तिथे कामाला येतं. त्या टप्प्याला राज्य सरकारच्या ईडीसी महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजना (धंद्यासाठी कर्ज) बघा.

तारवटी

सध्या घरी सुटीवर आहे, म्हणून लिहायला वेळ. पंधरवड्यात परत बोटीवर.

काट्यावरच्या बाब, चुलतभावाने एसटीसीडब्ल्यू करायला सांगितलं ते अर्धं सांगितलं. आधी आयएनडीओएस (खलाशाचा नोंदणी) नंबर काढायचा, मग पाच मूळ कोर्स: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि सुरक्षा-जाणीव. मग सीडीसी, म्हणजे खलाशाची ओळखपुस्तिका. प्रवासी बोटीसाठी आणखी गर्दी सांभाळण्याचा एक. संस्था डीजी शिपिंगची (केंद्राचं जहाज खातं) मान्यता असलेलीच हवी, यादी त्यांच्या साइटवर आहे. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

पण हे सगळं करण्याआधी मुलाखत द्या! लोक उलट करतात. कोर्स करतात, पैसे घालवतात, मग वाट बघत बसतात. आग आणि जीव वाचवण्याची प्रशिक्षणं दर पाच वर्षांनी ताजी करावी लागतात, म्हणजे घरी बसून तुमचा कागद शिळा होतो. आधी आरपीएसएल लायसन (खलाशी भरतीचा सरकारी परवाना) असलेल्या एजंटाकडे नाव द्या, निवड झाली की कोर्स. आणि नोकरी लावून देण्याचे पैसे एजंटाने खलाशाकडून घेणं बेकायदा आहे. व्हिसा, मेडिकल, पासपोर्ट यांचे खर्च वेगळे. 'सीट बुक करायला' म्हणून कोणी मागितले की उठून यायचं.

तुमच्या बाबतीत एक चांगलं आहे. क्रूझवर प्रोव्हिजन खातं असतं, स्टोअरकीपर असतो, त्याच्यावर प्रोव्हिजन मास्टर. हॉटेल स्टोअरचा अनुभव तिथे सरळ लागू पडतो. वेटर म्हणून शून्यापासून चढायला नको.

मुलगी सातवीत आहे म्हणालात. सहा-आठ महिने बोटीवर, दोन महिने घरी. दहावीच्या वर्षी तुम्ही कुठे असाल, एवढं बायकोबरोबर बसून बोला.

फोंड्याची आकडेमोड

फोंड्याला एका सीएच्या ऑफिसात आहे. टॅलीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

टॅलीचा क्लास एंट्री मारायला शिकवतो. एंट्री मारणारे पुष्कळ मिळतात आणि पगार त्याच मानाने. आम्हाला माणूस हवा असतो तो महिन्याच्या तारखा पाळणारा. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं विवरण). २बी या जीएसटी तक्त्यातलं क्रेडिट आणि पार्टीचं खातं जुळत नाही तेव्हा फोन करून, गोड बोलून, बिल काढून घेणारा. हे क्लासमध्ये शिकता येत नाही. बी.कॉम. झालेल्या माणसाने महिना-दीड महिना टॅली हाताखालून घालावं आणि सरळ एखाद्या सीएकडे कमी पगारावर सहा महिने बसावं. तोच कोर्स समजा. फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाऊन 'मला शिकवा' म्हणू नका, ऑडिटच्या दिवसांत आम्हाला जेवायला वेळ नसतो.

पण खरं सांगू? तुमचं लिहिलेलं वाचून मला टॅली सुचलंच नाही. तुम्ही चार कोर्स विचारलेत आणि चारही तुम्हाला तुमच्या कामापासून लांब नेतात. (तारवट्याने क्रूझचं स्टोअर काढलं ते सोडून.) काट्यावर काय करत होतात? आवक-जावक. हॉटेलात? आवक-जावक. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), इंडेंट (मागणीपत्र), बिन कार्ड (जागेवरच्या साठ्याचं कार्ड), महिन्याअखेरची मोजणी, तूट का आली याचा जबाब. वेर्णे, कुंडई, पिसुर्ले, तुमची डिचोलीची औद्योगिक वसाहत. यांतल्या कुठल्या कारखान्यात स्टोअर नाही? औषधांच्या कारखान्यांत तर स्टोअर हे वेगळं खातंच असतं. आमच्याकडे त्यांच्या पुरवठादारांचे हिशेब येतात, त्यावरून सांगते: नोंद ठेवणारा भरवशाचा माणूस मिळत नाही ही त्यांची रड कायमची.

काट्यावरचा

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण फार्मा म्हणजे बी.फार्म., बी.एस्सी. लागत नाही का?

वेर्णे सेकंड शिफ्ट

मी आहे फार्मात, वेअरहाउसलाच. क्यूसी आणि क्यूएला (दर्जा तपासणारी खाती) बी.एस्सी., बी.फार्म. लागतं. प्लांटवर ऑपरेटरला आयटीआयचा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट किंवा डिप्लोमा चालतो. वेअरहाउसला पदवीधर घेतात, आमच्यात बी.कॉम.वाले आहेत.

काम कसं ते सांगतो, म्हणजे काय शिकायचं ते कळेल. कच्चा माल आला की तो आधी क्वारंटाइनमध्ये, पिवळं लेबल. क्यूसीने नमुना तपासून पास केला की हिरवं, नापास झाला की लाल आणि वेगळी कुलूपबंद जागा. उचलताना आधी आलेला आधी नव्हे, ज्याची मुदत आधी संपते तो आधी. डिस्पेन्सिंगला (उत्पादनासाठी माल काढून देताना) वजन करताना दुसरा माणूस शेजारी उभा राहून सही करतो. तपमान आणि दमटपणा रोज लिहायचा, पावसाळ्यात दमटपणा आमच्या डोक्यावर बसलेला असतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: कागदावर खाडाखोड नाही. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख, कारण. पांढरं शाईपुसणं आत आणलं तर घरी जावं लागेल. २०२३ च्या अखेरीस सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांचे नियम) आलं, लहान कारखान्यांना दिलेली वाढीव मुदतही २०२५ च्या अखेरीस संपली, म्हणून आता त्यांनाही ही शिस्त पाळावी लागते.

काट्यावर चलनं सांभाळलेला माणूस यातलं निम्मं आधीच जाणतो. राहिलं ते जीएमपीची (औषध बनवण्याच्या चांगल्या पद्धतींचे नियम) तोंडओळख आणि एसएपी या सॉफ्टवेअरचं मटेरियल मॅनेजमेंट. एसएपीसाठी महागडा क्लास लावू नका, तिथे कन्सल्टंट बनवायचा अभ्यासक्रम शिकवतात. आपल्याला लागतं ते माल आत घेणं, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर टाकणं, साठा बघणं, बस. ते कामावर आठवड्यात जमतं. मुलाखतीत 'एसएपी पाहिलंय, कशासाठी असतं ते कळतं' एवढं म्हणता आलं तरी पुरतं.

शिफ्ट असते हे लक्षात ठेवा. डिचोलीहून वेर्णे लांब. काही कंपन्यांच्या बसेस फोंडा, म्हापशाहून सुटतात, तुमच्यापर्यंत येत नाहीत. आधी डिचोली, पिसुर्ले, कुंडई बघा.

मांद्रेचा वारा

हॉटेलचं स्टोअर पूर्ण सोडायचं नसेल तर आणखी एक. एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) फॉस्टॅक प्रशिक्षण. एका दिवसाचं, स्वस्त. दर पंचवीस अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर हवा, म्हणून हॉटेलं तो कागद विचारतात. पर्वरीच्या आयएचएमकडेही (हॉटेल मॅनेजमेंटची संस्था) लहान कोर्सांची चौकशी करा.

सत्तरीची सून

कोर्सबद्दल सगळे लिहितायत, मधल्या महिन्यांच्या पैशाबद्दल कोणीच नाही. यजमानांची नोकरी गेली होती तेव्हा आम्ही यातून गेलोय.

पगार २१ हजारांच्या आत होता आणि ईएसआय कापत होते? मग अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघा. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. हिची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून आज चालू आहे का ते ईएसआयच्या शाखेत विचारा. स्वतःहून नोकरी सोडली असं कागदावर असेल तर अडतं. राजीनामा लिहून दिला की काढलं, ते महत्त्वाचं.

दुसरं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्यात कपात झालेल्या कामगारासाठी रीस्किलिंग फंड आहे: मालकाने शेवटच्या पगाराच्या १५ दिवसांइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायची. नुकसानभरपाई वेगळी. फेब्रुवारीत काढलं म्हणताय, म्हणजे हे लागू होऊ शकतं. तुमचं पद 'कामगार' या व्याख्येत बसतं का, ते पणजीला कामगार आयुक्तालयात विचारा. हॉटेलवाला आपणहून सांगणार नाही.

काट्यावरचा

सत्तरीच्या वहिनी, राजीनामाच लिहून घेतला होता. 'सगळेच देतायत' म्हणाले. एचआरचा मेल मात्र आहे, त्यात स्टोअर कमी करतोय असं स्पष्ट लिहिलंय.

सत्तरीची सून

मग तो मेल आजच छापून घ्या आणि दुसऱ्या मेलवरही पाठवून ठेवा. कंपनीचा मेल बंद झाला की गेला तो. आयुक्तालयात नेताना शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा सोबत न्या.

काट्यावरचा

अपडेट टाकतोय.

मेल छापला, आयुक्तालयात अर्ज दिलाय, बघू. डेटावाल्यांचा नंबर ब्लॉक केला. एक्सेल रोज रात्री चालू आहे, पॉवर क्वेरी अजून डोक्यावरून जातं. जुनी स्टॉक शीट काढून त्यावरच सराव करतोय, ते बरं पडतं. कुंडईच्या एका कारखान्यात ओळखीने बोलणं झालं. त्यांनी कोर्स विचारलाच नाही, विचारलं काय तर 'मोजणीत फरक आला तर आधी काय बघता?' त्यावर मात्र मला बोलता आलं. बायोडेटा ठेवून घेतलाय. आयटीआयचा अर्जही जूनमध्ये भरून ठेवणार आहे, मास्तर. तोवर कुठेच जमलं नाही तर ऑगस्टपासून तिथे बसेन. बोटीचा विषय घरी काढला, बायको काही बोलली नाही, मुलगी बोलली. तो बंद.

एक विचारायचं होतं. औषध कारखान्यात मुलाखतीला जाताना काय न्यायचं? हॉटेलचा अनुभव लपवावा की सांगावा?

वेर्णे सेकंड शिफ्ट

सांगायचा. कोल्ड रूम सांभाळली असेल तर तेच आधी सांगा, तपमानाच्या नोंदी ठेवल्या असतील तर दुसरं ते. वॉक-इन (थेट मुलाखती) बहुधा रविवारी असतात, लवकर जा. अनुभवाचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या पगाराची स्लिप, पदवीची मूळ प्रत, आधार, पासपोर्ट फोटो. खाणीचं पत्र जुनं असलं तरी न्या. अंगठी, घड्याळ घालू नका, आत दाखवायला नेलं तर गेटवर काढून ठेवावं लागतं. आणि फॉर्म भरताना चुकलं तर गिरवू नका, एक रेघ मारून सही करा. समोर बसलेला माणूस तेच बघत असतो.